परवानगी आहे, ओळख नाही

पत्राचा सारांश : पत्रलेखिका छायाचित्रकार आहेत, वय सत्तेचाळीस. कामाची पहिली आठ-नऊ वर्षे त्यांनी पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर, कृष्णधवल फिल्म वापरून, खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात आपल्या तेव्हाच्या जोडीदाराची छायाचित्रे काढली. झोपलेला, पाठमोरा, अंघोळीनंतर केस पुसणारा असा तो त्यांत दिसतो. याच चित्रांनी त्यांना नाव मिळवून दिले. पुढे नाते संपले आणि पद्धतही बदलली. लार्ज फॉरमॅट कॅमेरा (ज्यात मोठ्या फिल्मची एकेक शीट घालावी लागते), आधी सविस्तर बोलणे, लेखी संमती आणि दोन-दोन तासांच्या बैठका अशा शिस्तीने त्या अनोळखी माणसांची पोर्ट्रेट करू लागल्या. गेल्या चार वर्षांत त्यांच्या चित्रांतून माणूसच नाहीसा झाला आहे. उरल्या आहेत त्या चुरगळलेल्या चादरी, खुर्चीवर टाकलेले कपडे, उशीवरचा खळगा. मध्यंतरी त्यांनी जुन्या निगेटिव्हचे स्कॅन चित्रे घडवणाऱ्या एका सॉफ्टवेअरला देऊन ‘कोणाचेच नसलेले’ शरीर निर्माण करून पाहिले. सात महिन्यांनी त्यांच्या आजवरच्या कामाचे प्रदर्शन आहे. त्यासाठी जुन्या जोडीदाराकडे परवानगी मागितली, तेव्हा उत्तर आले, ‘जरूर लाव. फोटो माझेच आहेत, पण त्यांत मी कुठे सापडत नाही.’ त्या विचारतात : ती चित्रे खोटी होती का? ओढीतून काढलेले चित्र समोरच्यावर अन्याय करतेच का? नंतरचे माझे काम ही वाढ आहे की पळवाट? जुनी चित्रे लावावीत की पेटीत ठेवावीत?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मूळ पत्रात जुन्या जोडीदाराचे वाक्य तीन ठिकाणी आले आहे, आणि त्यांपैकी दोन ठिकाणी ते ‘पण’पासून सुरू होते. ‘जरूर लाव’ हे दोन शब्द तुम्ही एकदाच, तेही ओझरते लिहिले आहेत. मला आधी तिथेच थांबावेसे वाटते. त्यांनी नकार दिलेला नाही, दोषही दिलेला नाही. आपल्याला जे दिसले ते त्यांनी सांगितले आहे, आणि तुम्ही मात्र ते आरोपपत्रासारखे वाचत आहात. कदाचित तो आरोप तुम्ही स्वतःवर आधीच ठेवलेला होता आणि त्यांच्या उत्तरात तुम्हाला त्याची पुष्टी सापडली.

असे वाटणारे ते पहिले नाहीत. छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी चित्रकार जॉर्जिया ओ’कीफ यांची 1917 ते 1937 या वीस वर्षांत तीनशेहून अधिक छायाचित्रे काढली. त्यांत चेहरा आहे, हात आहेत, धड आहे, आणि ती पाहताना काढणाऱ्याची आसक्ती लपून राहत नाही. एक माणूस एका पोर्ट्रेटमध्ये मावत नाही, त्याचे चित्र वर्षानुवर्षे काढत राहावे लागते, अशी स्टिग्लिट्झ यांची धारणा होती. म्हणजे समोरच्या व्यक्तीला पुरते दाखवायचेच, असा त्यांचा उघड प्रयत्न होता. तरीही 1978 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ती चित्रे लागली तेव्हा नव्वदीतल्या ओ’कीफ यांनी सोबतच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहिले, की ती पाहताना ही बाई कोण, असा प्रश्न मला पडतो. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात लिहिले नव्हते. वीस वर्षे कॅमेऱ्यासमोर स्वेच्छेने बसलेल्या आणि स्वतः कलावंत असलेल्या व्यक्तीलाही आपले चित्र परके वाटू शकते, एवढे मात्र त्यातून कळते. तेव्हा ‘मी सापडत नाही’ या शब्दांवरून चित्र खोटे ठरवण्याची घाई करू नका. काळ आणि तुटलेले नाते यांचाही त्यात वाटा असेल. तो किती, हे तुम्हाला किंवा मला इथे बसून सांगता येणार नाही.

आता तुमच्या पत्राच्या रचनेकडे येतो. तुम्ही आपल्या कामाचा इतिहास काहीसा व्यसनमुक्तीच्या हकिकतीसारखा सांगितला आहे. आधी बेबंद ओढ होती, मग शिस्त आली, मग माणूसच वर्ज्य केला आणि शेवटी कोणाचेच नसलेले शरीर घडवले. प्रत्येक पायरीवर इच्छा थोडी कमी झाली, म्हणून चित्रही थोडे अधिक निर्मळ झाले, असे तुम्ही धरून चालला आहात. यातल्या दोन्ही गोष्टी मला पटत नाहीत. इच्छा कमी झाली असे तुमच्या कामाच्या वर्णनावरून दिसत नाही, आणि ती कमी झाली असती तरी चित्रातला माणूस आपोआप अधिक त्याचा स्वतःचा झाला नसता.

तुमच्या पत्रात कंसात टाकलेली एक ओळ आहे. तुम्ही लिहिता, ‘छत्तीसच्या रोलमधून मी एखाद-दुसरीच चौकट निवडत असे, बहुधा तो माझ्याकडे पाहत नसलेली.’ मला संपूर्ण पत्राचे मर्म या कंसात दिसते. शटर दाबताना तुम्हाला ओढ होती हे खरे आहे, पण त्या क्षणी खोलीत दोघे होते. ते हलू शकत होते, हसू शकत होते, ‘आता पुरे’ म्हणू शकत होते, आणि त्या छत्तीस चौकटींपैकी कित्येकांत त्यांनी तसे केलेही असेल. नंतर टेबलावर कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे रोलमधल्या सगळ्या चौकटी लहान आकारात छापलेला कागद ठेवून, डोळ्याला लूप (छोटे भिंग) लावून तुम्ही बसलात, तेव्हा खोलीत तुम्ही एकट्या होता. मेणपेन्सिलीने लाल चौकोन आखताना प्रत्येक वेळी तुम्ही पाठ निवडलीत, मिटलेले डोळे निवडलेत, वळलेली मान निवडलीत. ते चित्रांतून गेले असतील तर त्या टेबलावरून गेले. इच्छेने त्यांना चित्राबाहेर काढले, असे म्हणण्यापेक्षा तुमच्या निवडीने काढले, असे मी म्हणेन. हा फरक शाब्दिक नाही, कारण इच्छा मागे जाऊन बदलता येत नाही. निवड मात्र आजही बदलता येते. निगेटिव्ह तुमच्याकडे आहेत.

याच कारणाने, लार्ज फॉरमॅटकडे वळल्यावर प्रश्न सुटला हे तुमचे म्हणणे मला अपुरे वाटते. त्या कॅमेऱ्याने तुम्हाला खूप काही दिले, यात शंका नाही. काळ्या कापडाखाली जाऊन काचेवरची उलटी प्रतिमा जुळवायची, मग फिल्मचा होल्डर सरकवायचा, आणि त्यानंतर भिंगातून काहीच दिसत नसल्यामुळे कॅमेऱ्याच्या बाजूला उभे राहून समोरच्या माणसाकडे उघड्या डोळ्यांनी पाहायचे, या क्रमातच एक सभ्यता आहे. बसलेल्या व्यक्तीला यंत्राऐवजी तुमचा चेहरा दिसतो. पण तुम्ही त्या पोर्ट्रेटमधल्या स्थिरतेला ‘आदर’ म्हणता, तिथे मी जरा अडखळतो. भिंगाचे छिद्र बारीक ठेवल्यावर अर्धा-एक सेकंद एक्स्पोजर लागते, माणूस हलला तर चित्र हुकते, आणि म्हणून तो गंभीर, स्थिर बसतो. ती स्थिरता बरीचशी तांत्रिक गरज आहे. पाहणाऱ्याला ती प्रतिष्ठेसारखी दिसते एवढेच. आणि बैठक संपल्यावर चार-सहा शीटमधून एक निवडताना तुम्ही पुन्हा एकट्याच असता. संमतिपत्रावर सही झाली, पण टेबलापाशी दुसरी खुर्ची रिकामीच राहिली.

पद्धत सफाईदार होत गेली की प्रश्न विरघळतो, हा समज किती फसवा आहे याचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकन छायाचित्रकार रॉबर्ट मेपलथॉर्प. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते पोलरॉइडवर काम करत होते. ती चित्रे लहान, झटपट निघालेली आणि जवळिकीची आहेत. पुढे मध्यम फॉरमॅटचा कॅमेरा आणि स्टुडिओतला काटेकोर प्रकाश आला आणि शरीरे शिल्पासारखी घडीव दिसू लागली. माणसाचे वस्तूत रूपांतर होते ही टीका त्यांच्यावर सर्वांत तीव्रतेने झाली ती याच घडीव कामावर, विशेषतः कृष्णवर्णीय पुरुषांच्या चित्रांवर. समीक्षक कोबेना मर्सर यांनी 1986 मध्ये या चित्रांवर कठोर लेख लिहिला आणि 1989 मध्ये स्वतःच त्याचा फेरविचार केला. आपणही समलिंगी पुरुष आहोत, म्हणजे या चित्रांतल्या शरीरांशी जसे आपले वंशाचे नाते आहे तसे ती काढणाऱ्याच्या इच्छेशीही आपले काही नाते आहे, हे त्यांनी हिशोबात घेतले. त्यांनी पहिली टीका पुसून टाकली नाही. दोन्ही वाचने शेजारी ठेवली. तुमच्या जुन्या चित्रांबाबत तुम्ही आज जो निकाल देऊ पाहता, तो तीन वर्षांनी तुम्हालाच अपुरा वाटण्याची शक्यता मोकळी ठेवा.

आणखी एक गृहीतक तुम्ही पुसटसे मांडले आहे. तुम्ही म्हणता, की आपण स्त्री आहोत आणि समोर पुरुष आहे, तेव्हा ‘नजरेचा’ आरोप आपल्याला लागू होणार नाही असे तुम्हाला अनेक वर्षे वाटत होते. असे वाटण्याला आधार आहे. चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्वी यांनी 1975 च्या निबंधात चित्रपटातली पाहणारी नजर पुरुषाची आणि पाहिली जाणारी स्त्री, ही घडी उलगडून दाखवली, तेव्हापासून ती घडी उलटी करणे हेच पुष्कळांना उत्तर वाटत आले. उलटी करायला धैर्य लागते हेही खरे. छायाचित्रकार इमोजेन कनिंगहॅम यांनी 1915 मध्ये डोंगरातल्या बर्फात आपल्या पतीची विवस्त्र छायाचित्रे काढली, तेव्हा गहजब झाला होता. पण भूमिका बदलल्या म्हणून व्यवहार बदलतोच असे नाही. पाहणारी बाजू कोणतीही असो, चौकट कोण ठरवते आणि कोणती चौकट जगापुढे जाते, हे प्रश्न उरतातच.

मग इच्छा ठेवून, ती न लपवता, समोरच्याला चित्रात जागा देता येते का? मला दोन उदाहरणे आठवतात, आणि दोन्ही स्त्रियांची आहेत, जोडीदाराचीच चित्रे काढणाऱ्या. पिक्सी लियाओ 2007 पासून आपल्या वयाने लहान जोडीदारासोबत मांडणी करून छायाचित्रे काढत आल्या आहेत. त्याला कसे उभे करायचे, कसे वाकवायचे हे त्या ठरवतात, आणि ते इतके उघड आहे की पाहणाऱ्याला हसू येते. पण अनेक चित्रांत शटर उघडणारी लांब नळी चौकटीत तशीच दिसते आणि तिचा फुगा त्याच्या हातात असतो. मांडणी तिची, क्षण त्याचा. सॅली मॅन यांनी सहा वर्षे आपल्या पतीच्या शरीराची छायाचित्रे काढली आणि ती 2009 मध्ये लोकांसमोर आणली. पतीला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. स्नायू झिजत जाणारे शरीर एक स्त्री प्रेमाने आणि निरखून पाहते आहे, हे त्या चित्रांत दिसते. त्यासाठी त्यांनी 1851 मधली वेट कोलोडियन पद्धत वापरली. काचेवरचा थर ओला आहे तोवरच चित्र घ्यायचे आणि धुवायचे. हा थर निळ्या प्रकाशाला संवेदनशील आणि लाल रंगाला जवळजवळ आंधळा असतो, त्यामुळे त्वचेवरचा प्रत्येक डाग गडद उमटतो. पद्धत निवडतानाच तुम्ही शरीराबद्दल काय दिसेल हे ठरवत असता, आणि मॅन यांनी ते जाणून ठरवले. तुमची नवी पद्धतही अशीच जाणून निवडलेली असेल तर ती पुरेशी सबळ आहे. तिने जुन्या चित्रांचे प्रायश्चित्तही करावे, ही अपेक्षा तिच्यावर लादू नका.

चादरींच्या चित्रांबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण त्यांची मला काळजी वाटत नाही. तुम्ही ती ‘इच्छारहित’ म्हणता. उशीवरच्या खळग्याचे चित्र चार वर्षे काढणाऱ्या व्यक्तीने हा शब्द वापरावा, याची मला गंमत वाटली. जो उठून गेला त्याची ओढ त्या प्रत्येक चित्रात आहे. ही पळवाट नाही, तो तुमचा विषयच आहे, आणि प्रदर्शनात ती चित्रे जुन्या चित्रांच्या शेजारी लागली तर पाहणाऱ्यांना हे कोणी सांगावे लागणार नाही.

सॉफ्टवेअरच्या प्रयोगाबद्दल मात्र मला स्पष्ट बोलले पाहिजे. ‘कोणाचेच नसलेले शरीर’ हा शब्दप्रयोग तुम्हाला दिलासा देतो, पण तो खरा नाही. ही यंत्रणा असंख्य माणसांच्या चित्रांवर शिकलेली असते, आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याची कल्पनाही नसते. शिवाय तुम्ही त्यात घातलेले स्कॅन एका विशिष्ट माणसाचे होते. त्यांनी वीस वर्षांपूर्वी होकार दिला तो तुम्हाला, तुमच्या कॅमेऱ्याला आणि फार तर एखाद्या गॅलरीच्या भिंतीला दिला होता. आपल्या शरीरापासून नवी शरीरे घडवण्याला त्यांनी होकार दिला नव्हता आणि तेव्हा तो देणे शक्यही नव्हते. तुमच्या सगळ्या कामात समोरच्याला पूर्णपणे वगळणारे काही असेल तर ते हे आहे, कारण इथे नकार द्यायला कोणीच उरत नाही. ती चित्रे प्रदर्शनात लावू नका, जिथे स्कॅन चढवले असतील तिथून काढता येतील तेवढे काढा, आणि हा प्रयोग केला होता हे त्यांना सांगा. सांगणे अवघड जाईल. पण त्यांना ते दुसरीकडून कळले तर त्यांनी दिलेल्या परवानगीलाही अर्थ उरणार नाही.

आता तुम्ही काय करू शकता ते पाहू. जोडीदाराची किंवा मित्रांची चित्रे काढणाऱ्या इतरांनाही यातले काही उपयोगी पडावे.

जुन्या कॉन्टॅक्ट शीट बाहेर काढा आणि लाल चौकोन सोडून उरलेल्या चौकटी पाहा. ते तुमच्याकडे पाहत आहेत अशा किती आहेत, कंटाळलेले, हसणारे, कॅमेऱ्यावर हात धरणारे असे ते किती ठिकाणी आहेत, हे मोजा. अशा चौकटी सापडल्या तर त्यांचे प्रिंट करा. त्या निवडलेल्या चित्रांइतक्या सुबक नसतील, आणि एखादी धूसरही असेल. प्रदर्शनात एक-दोन संपूर्ण कॉन्टॅक्ट शीट, तुमच्या लाल खुणांसह, लावण्याचा विचार करा. निवड कशी झाली हे पाहणाऱ्यापुढे उघड ठेवणे हे माफीनाम्यापेक्षा अधिक प्रामाणिक आहे. भिंतीवर लांबलचक आत्मपरीक्षणाचा मजकूर मात्र लावू नका; त्यातही पुन्हा तुम्हीच बोलत राहाल.

चित्रातल्या माणसाचा शब्द चित्राशेजारी ठेवण्याची चांगली परंपरा छायाचित्रणात आहे. सुझन मायझेलस यांनी 1972 ते 1975 या काळात अमेरिकेतल्या फिरत्या जत्रांमधल्या नर्तकींची छायाचित्रे काढली, तेव्हा त्या स्त्रियांचे, मालकांचे आणि गिऱ्हाइकांचे आवाजही टेपवर घेतले, आणि ते बोलणे त्या कामाचाच भाग झाले. कलावंत ग्लेन लायगन यांनी 1991 ते 1993 मध्ये मेपलथॉर्प यांच्या पुस्तकाची पाने भिंतीवर लावली आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यांत वेगवेगळ्या लोकांची वक्तव्ये ठेवली. चित्रे तशीच राहिली, पण त्यांना एकट्याने बोलण्याची मुभा राहिली नाही. तुमच्याकडे तर वाक्य तयारच आहे. ‘फोटो माझेच आहेत, पण त्यांत मी कुठे सापडत नाही’ हे भिंतीवर लावता येईल का, हे त्यांना विचारा. ते नको म्हणाले तर तो विषय तिथेच सोडा.

परवानगीचे स्वरूपही नव्याने ठरवा. होकार हा एकदाच मिळणारा आणि सगळीकडे चालणारा दाखला नसतो. कोणती चित्रे, कुठे, कोणत्या आकारात, किती काळ, इंटरनेटवर जाणार की नाही, पुस्तकात आणि प्रसिद्धीच्या मजकुरात वापरणार की नाही, पुढे मन बदलले तर काय, हे सगळे वेगवेगळे विचारायला हवे. खोलीत तीस माणसांनी पाहायचे चित्र आणि फोनवर कोणीही, केव्हाही पाहील ते चित्र, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे सध्या आपल्या जोडीदाराची चित्रे काढत आहेत त्यांनी नाते चांगले असतानाच हे लिहून ठेवावे, आणि नाते संपल्यावर पुन्हा विचारण्याची तारीखही त्यातच घालावी. हे रुक्ष वाटते, पण नंतर विचारताना वाटणाऱ्या संकोचापेक्षा बरे.

हे सदर वाचणाऱ्यांत कॅमेऱ्यासमोर बसणारेही असतील. त्यांना एवढेच सांगतो, की चित्र ‘चांगले आले आहे’ म्हणून ते तुम्हाला आपले वाटलेच पाहिजे असे नाही, आणि काढणाऱ्याच्या भावना जपण्यासाठी तसे म्हणण्याचीही गरज नाही.

राहिला प्रश्न चित्रे लावावीत की नाहीत हा. माझे मत लावावीत असे आहे, पण तीच नऊ-दहा चित्रे, त्याच क्रमाने, काहीच घडले नाही अशा थाटात नव्हे. आणि त्याआधी त्यांना आणखी एक पत्र लिहा. त्यात स्पष्टीकरण नको, ‘मला तेव्हा काय वाटत होते’ हेही नको. सोबत चार-पाच कॉन्टॅक्ट शीटच्या प्रती, लाल खुणा नसलेल्या, आणि एक पेन्सिल पाठवा, आणि विचारा की यातल्या कोणत्या चौकटी तुम्ही ठेवल्या असत्या. कदाचित ते उत्तर देणार नाहीत, कदाचित एकच चौकट आखतील, आणि ती तुम्हाला मुळीच आवडणार नाही. प्रदर्शनाला सात महिने आहेत. उत्तर येईपर्यंत त्या काळातले काहीही प्रिंटला टाकू नका.